सांडलेल्या दुधाची किनार

तीर्थरूप आत्यास भाच्याचा साष्टांग नमस्कार.

ताईकडे गेल्यापासून तुझा गुडघा कसा आहे? इकडे तुझं घर ठीक आहे (सविस्तर खाली). झाडांना रोज पाणी घालतो.

मी मात्र दुधाने हैराण झालो आहे. आमच्या कार्टूनमधलं मांजर ओट्यावरचं पातेलं पाडतं, आणि ते दूध सांडायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. कॉम्प्युटर थेंबन् थेंब हिशोबाने सांडवतो; पण मांजर आहे हाताने काढल्यासारखं, सपाट रंगाचं, काळ्या किनारीचं, म्हणून दुधालाही किनार हवी. मी दिली. तर त्या यंत्राने (अक्कल गहाण ठेवून) प्रत्येक शिंतोड्याला वेगळी, थरथरणारी किनार काढली. दिग्दर्शक बाई म्हणाल्या, "अरे, हे दूध आहे की मुंग्या?" शिंतोडे गाळले, तर दूध ओल्या चादरीसारखं पडलं. दाट केलं, तर डिंक झाला. अगदी खऱ्यासारखं सांडलं, तर आमचे साहेब चष्मा पुसत म्हणाले, "बरोबर आहे रे, म्हणूनच वाईट दिसतंय." आता ह्यावर माणसाने काय करावं? शुक्रवारी पास झालं नाही, तर मला पुन्हा ढग रंगवायला बसवणार. आणि आत्या, दोन वर्षं ढगांत काढून मी आत्ता कुठे जमिनीवर आलो आहे.

म्हणून ठरवलं, आधी खरं दूध नीट बघायचं. (मी शाळा अर्धवट सोडली, पण काम सोडत नाही, हे तूच सगळ्यांना सांगतेस.) पातेलं कलंडलं की आधी काठावरून एक जीभ निघते, ती फरशीवर आपटून मुकुटासारखी उसळते, आणि मग सगळं सावकाश फ्रिजखाली जातं. (कोणाच्या फ्रिजखाली, हे इतक्यात विचारू नकोस.) पाच-सहा पातेल्यांनंतर उमगलं. कॉम्प्युटरवर जीभ, मुकुट आणि एकच मोठा थेंब ठेवला, बाकी पुसून टाकलं. किनार थरथरायची थांबली. दूध दुधासारखं दिसलं! मला रडूच आलं.

तुझा,
भाचा

ता. क. फ्रिजखालचा वास कमी होतो आहे. पायपुसणं मात्र गेलं.

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, तोवर शुक्रवार झाला. बाई "सुरेख!" म्हणाल्या, आणि लगेच म्हणाल्या की दूध दाखवूच नये, मांजराचं तोंड दाखवावं, दुधाचा नुसता आवाज. साहेबांनी मला ढगांऐवजी आवाजाच्या कामावर घातलं.

ता. क. आवाजासाठी खरं दूध खऱ्या फरशीवर सांडावं लागतं. रेकॉर्डिंगवाल्यांना तुझं स्वयंपाकघर फार आवडलं. तेव्हा गुडघा पूर्ण बरा होईपर्यंत तिकडेच राहा, आणि मोठं पितळी पातेलं कुठे ठेवलं आहेस तेवढं कळव. स्टीलचा आवाज बाईंना खोटा वाटतो.