सर्बियन भाषेत बोलावणं

सस्काटून,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. ईशानी,
तुला आणि जावयांना अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. बीपी ताब्यात आहे, विंटर टायर्स परवाच बसवून घेतले. पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर माझं बोलणं हवामानापुढे सरकत नाही, हे तू जाणतेसच.

सप्टेंबरपासून मी सर्बियन शिकतोय. आमच्या कॉन्डोत द्रागित्सा नावाच्या बाई राहतात, वय ऐंशी. लाँड्रीरूममध्ये ड्रायर फिरतो तेवढा वेळ त्या शिकवतात. या आठवड्यात ‘झ्वाती’ हे क्रियापद झालं. अर्थ, बोलावणे. मी झोवेम, तू झोवेश, तो किंवा ती झोवे. आम्ही झोवेमो, तुम्ही झोवेते, ते झोवू.

“प्रोफेसर, तुम्ही बोलावताय की शिंकताय?” बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, वाक्य करा. मी केलं : माझी मुलगी मला स्लावाला बोलावत नाही.

बाईंनी ओले टॉवेल खाली ठेवले. “स्लावाला कोण बोलावतं? घराण्याच्या संताचा दिवस तो. यायचं तो येतो.”

“निदान घरच्यांना तरी?”

“घरच्यांना? वेडे आहात का!”

आपल्याकडचं तुला माहीत आहे. सख्ख्या भाच्याच्या मुंजीला आप्पा गेले नाहीत, कारण अक्षत द्यायला घरी कोणी आलं नव्हतं. मी त्याच आप्पांचा मुलगा.

दर एकोणीस डिसेंबरला तू फोटो पाठवतेस. मेणबत्ती, वेणी घातलेला पाव, उकडलेल्या गव्हांची वाटी. खाली ‘आज आमची स्लावा’. ‘या’ असं कधीच नसतं. सहा वर्षं मी उत्तरादाखल अंगठ्याची खूण पाठवतो आणि बापाला टाळलं म्हणून दिवसभर धुमसतो. बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “पोरीनं आणखी काय करायचं होतं?”

लग्नाचं बोलावणं मात्र तू दिलं होतंस. दोनदा. विमान रद्द झालं, असं मी कळवलं. विमान वेळेवर उडालं, ईशानी. मी सूट घालून घरात बसलो होतो. मिलोश सर्बियन, आपल्यातला नाही, एवढंच कारण होतं. तुझी आई असती तर एकटी आली असती.

बाई म्हणतात, स्लावाच्या दिवशी दारात आलेल्याला परत पाठवत नाहीत, भांडण असलं तरी. त्या रीतीच्या आडून आत शिरणं मला बरं वाटत नाही, म्हणून आधी लिहितोय. अठरा तारखेचं टोरांटोचं तिकीट काढलंय. एकोणीसला सकाळी मिल्टनला तुमच्या घरी येईन. मी नको असेन तर एक ओळ टाक. कारण विचारणार नाही.

काहीच कळवलं नाहीस, तर निघेन.

तुझ्या लग्नाला घरी बसून राहिलेला,
बाबा