राख पडणारे घर

मी, अंबुजा, कै. गोपालकृष्ण यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार कुंभकोणम्, शरीराने थकलेली पण डोके ठिकाणावर असलेली, हे मृत्युपत्र घरच्या मराठीत लिहिते. माझ्यावर दडपण कोणाचे नाही, संताप मात्र आहे. नोंदणीसाठी तमिळ प्रत शेजारचे कल्याणराम करतील. त्यांनी माझे एकही कडू वाक्य गाळू नये.

१. राहते घर माझ्या नावावर आहे. ते माझा मुलगा रविशंकर यास देते, आणि त्याने ते विकावे. घरामागे भाताची गिरणी आहे, तिच्या बॉयलरात तूस जळते. सकाळची रांगोळी शाळेची बस येईपर्यंत करडी होते, गच्चीवरचे सांडगे काळे पडतात. हे डोळ्यांना दिसे म्हणून आम्ही झाडत बसलो. नातीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिसते ती राख नाकात अडकते. दिसत नाही ती बारीक धूळ फुप्फुसात खोल जाऊन बसते, आणि मुलांचे फुप्फुस अजून वाढत असते. माझी नात शरण्या आठ वर्षांची आहे. गोष्ट सांगताना ती मध्येच थांबते, श्वास जमवते, मग पुढे सांगते. "तिचे फुप्फुस पुढे तरी पुरते वाढेल का?" असे मी विचारले. "आधी ते घर सोडा," बाई म्हणाल्या.

गिऱ्हाईक एकच आहे, गिरणीचा मालक चंद्रमौळी. त्याला गोदामाला जागा हवी आहे. दुसरे कोण असले घर घेणार? तक्रार घेऊन गेले की तो कॉफी पाजतो आणि म्हणतो, "मामी, सगळं कायदेशीर आहे." त्याची स्वतःची मुले कोईमतूरला शिकतात. त्यालाच विका. हे लिहिताना माझा हात जळतो, पण विका.

२. रविशंकर म्हणतो, "आई, ह्या वयात तुला कुठे हलवू?" माझी वळकटी बांध आणि ने, असे मी म्हटले, तर पाच पिढ्यांचे देवघर आडवे आले. म्हणून देव तिरुविसनल्लूरच्या मठात विचारून द्यावेत. देवांना दम लागत नाही. मी गेल्यावर त्याला एकही सबब उरणार नाही.

३. पितळेचे धुपाटणे मोडीत घालावे. माझी नणंद मीनाक्षीबाई दर शुक्रवारी पोरीला न्हाऊ घालून तिचे केस सांब्राणीच्या, म्हणजे ऊदाच्या, धुरावर धरी. डॉक्टरांनी बंद करा म्हटल्यावरही धरी. "आम्हालाही लहानपणी धरलं, आम्ही मेलो का?" असे तिचे उत्तर. नणंदेस मी काहीही देत नाही.

४. दागिने सून श्रीलक्ष्मी हिला. वाफेच्या यंत्रापाशी पोरीला मांडीवर घेऊन तीच बसते, आणि यंत्र थांबले तरी तिला खाली ठेवत नाही.

५. मला लाकडांवर जाळू नये, गॅसच्या दाहिनीत न्यावे. घरात होम नको, उदबत्तीसुद्धा नको. वैदिक भटजी म्हणतील की जिवाला गती मिळणार नाही. न मिळो. एका धुरकट घरातून दुसऱ्या धुरकट घरी जाऊन मला काय मिळवायचे आहे?

६. मोठ्यांचे बोलणे पोरांच्या कानी पडतेच. परवा शरण्या माझ्या अंथरुणाशी आली. "आजी, तू मेल्यावर आपण इथून जाणार ना?" मी हो म्हटले. तिने श्वास जमवला. "मग लवकर?" मला राग आला नाही. पोंगलनंतर नवे भात येते आणि गिरणी दिवसरात्र चालते. त्याच्या आधी, असे मी तिला सांगितले. हा शब्द माझा आहे. मी तो पाळायच्या बेतात आहे. रविशंकरने मध्ये डॉक्टर आणू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि खाली सही केली.

अंबुजा गोपालकृष्ण

आमच्यासमक्ष सही केली:
कल्याणराम, शेजारी
सुब्बलक्ष्मी, निवृत्त शिक्षिका

कुंभकोणम्, २१ नोव्हेंबर २०२५