पटावरचं नववं नाव

४ ऑगस्ट, सोमवार

परवापासून चाचणी! सरकारी. मराठी, गणित, इंग्रजी — तीन दिवस, सीलबंद पेपर. गेल्या वर्षी आमचा वर्ग केंद्रात शेवटून पहिला होता. केंद्रप्रमुखांनी मार्गासनीच्या बैठकीत सगळ्यांदेखत निकाल वाचून दाखवला आणि मी पेनाचं टोपण चावत बसले. पुन्हा तसं बसायचं नाही.

हेडसर आज चहा पिताना म्हणाले, "सहावीत नऊच पोरं. एक पोरगी सगळ्यांना खाली ओढती बघा." नाव घेतलं नाही. गरजच नव्हती. मग बिस्कीट बुडवता बुडवता म्हणाले, "गैरहजर मूल सरासरीत धरत न्हाईत."

५ ऑगस्ट

सांगितलं तिला.

वर्षाराणी वरच्या धनगरवाड्यातून एकटी येते, दीड तास चालत. सहावीत आली तरी अक्षर अक्षर जुळवून वाचते. सतराचा पाढा रोज म्हणते आणि रोज एकाच ठिकाणी अडते — सतरा साते... आणि मग माझ्या तोंडाकडे बघत राहते. मी उत्तर सांगितलं की पुढचा पाढा घडाघडा!

मधल्या सुट्टीत तिला बाजूला घेऊन म्हटलं, "पेपर होईपर्यंत येऊ नकोस. झाले की मी बोलावते."

"घरी ऱ्हायले तर दादा गुरांमागं धाडत्याल बाई. मंग शाळा सुटलीच." दादा म्हणजे तिचे वडील.

"तीनच दिवस गं."

"बरं बाई."

इतक्या पटकन बरं म्हणाली! रडली असती, भांडली असती तर मी कदाचित ये म्हटलं असतं. कदाचित.

८ ऑगस्ट

संपली चाचणी. हजर आठ, गैरहजर एक. कारण — आजारी. अक्षर माझंच.

१२ ऑगस्ट

आली नाही. काल वाटलं, आज येईल. तिच्या वाड्यातलं दुसरं एकही पोर शाळेत नाही, मोबाईलला रेंज नाही. निरोप धाडायचा कुणाबरोबर? येईल आपणहून. पेपर तीन दिवसांचे, हे तिला माहीत आहे.

हजेरी घेताना आठव्या नावानंतर जीभ अडते. मग मी पट मिटते.

१५ ऑगस्ट

आमची सहावी केंद्रात पहिली! सत्तर टक्के. झेंडावंदनाला सरपंचांनी नारळ दिला. हेडसरांनी भाषणात माझं नाव दोनदा घेतलं, टाळ्या पडल्या. दुसऱ्या नंबरच्या शाळेला अडुसष्ट.

घरी येऊन मोबाईलवर आठाच्या ऐवजी नऊनं भागून बघितलं. तिला सात पडले असते, असं धरून. त्रेसष्ट. म्हणजे ती असती तर नारळ नव्हता. नारळ तसाच ओट्यावर पडलाय, फोडायला मन होत नाही.

आणि एक. राष्ट्रगीत संपल्यावर शाळेमागच्या जुन्या खोलीकडून एक 'जय हे' आलं. एकटंच, मागे राहिलेलं. डोंगराच्या पायथ्याला शाळा आहे, आवाज फिरून येतो.

१९ ऑगस्ट

सोनिया पहिल्या बाकावरची, चुरुचुरु बोलणारी. आज म्हणाली, "बाई, जुन्या खोलीत भूत हाय!" त्या खोलीचे पत्रे निम्मे उडालेत, पाच वर्षं वापरात नाही. पोरांना तिकडे जायची बंदी.

"काय करतं तुझं भूत?"

"पाढं म्हनतं."

"मग तुझ्यापेक्षा हुशार आहे की!"

वर्ग हसला, मीही हसले. कितीचा पाढा, ते मात्र विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.

२० ऑगस्ट

गणिताच्या तासाला आठही पोरं एका सुरात पाढे म्हणत होती. सतरा साते — पोरं पुढे गेली. भिंतीपलीकडे कुणीतरी तिथेच थांबलं. मी ऐकलं! नीट ऐकलं. खिडकीबाहेर नुसता पाऊस.

बाहेर जाऊन बघायला हवं होतं. विज्ञान शिकवते मी पोरांना, भूत नसतं म्हणून सांगते. पण तास संपेपर्यंत फळ्याकडे तोंड करून उभी होते.

२२ ऑगस्ट

तिच्या वाटेवर दोन ओढे आहेत. दोन्ही भरून वाहतायत. पाच तारखेला घरी जाताना तिला काही झालं असेल, तर कुणाला कळणार?

२५ ऑगस्ट, सोमवार

अर्धी रजा टाकून धनगरवाडा चढले. तिची आई, सखूबाई, गोठा झाडत होती. मला बघून हातातला खराटा टाकला, हात धुऊन पाणी आणलं. पाणी घेण्याआधीच मी विचारलं, "वर्षाराणी कुठंय?"

ती हसली. "शाळंत न्हाई का? सकाळीच गेली की. पावसापान्याची येक दिस खाडा करत न्हाई. बाई लई मायेच्या हायत म्हनती." मग जरा संकोचून म्हणाली, "पर बाई, शाळंत खिचडी बंद केली व्हय? तीन आठवडं झालं, भाकर बांधून नेती रोज."

पाणी तसंच ठेवून निघाले.

उतरून आले तोवर शाळा सुटली होती. वाटेत ती दिसली नाही, मला बघून झाडीत लपली असणार. जुन्या खोलीत गेले. पत्रे शाबूत आहेत त्या कोपऱ्यात पोतं अंथरलेलं. तिथल्या खिडकीतून आमचा फळा दिसतो. भिंतीवर खडूनं गणितं. सगळी माझ्याच फळ्यावरची, तारखेसकट. कालपरवापर्यंतची! खालच्या ओळीला लिहिलं होतं — सतरा साते. पुढे जागा मोकळी.

लाज वाटते. वहीतसुद्धा लिहायला लाज वाटते.

२६ ऑगस्ट

आठ नावं घेतली. मग व्हरांड्यात आले आणि जुन्या खोलीकडे तोंड करून नववं घेतलं. मोठ्यानं.

काहीच नाही. पुन्हा घेतलं.

भिंतीआडून आधी दप्तर दिसलं, मग ओल्या वेण्या. ती तिथेच उभी राहिली, पुढे येईना.

"पेपर झालं का बाई?"