झऱ्याला सांगितलेलं नाव

सूर्यमाळ, ४ मे २०२५

ती. जानकीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पाड्यावर रेंज नाही, म्हणून फागूच्या जीपमधून पत्र पाठवते. आमच्या संग्रहालयात हवामानबदलाचं दालन होतंय ना, त्यासाठी तक्ते घेऊन आले होते. बाया त्यांनी वारा घेऊ लागल्या! मग तक्ते गुंडाळले आणि त्यांनाच विचारत बसले. झरा पूर्वी मे संपेस्तोवर टिकायचा, आता होळीनंतर थेंब थेंब होतो, म्हणाल्या. दालनासाठी त्याचा आवाज मी टिपून घेतेय.

इथली रीत ऐक. हंडा बुडवण्याआधी झऱ्यात वाकून स्वतःचं नाव सांगायचं. दुसऱ्याचं घ्यायचं नाही. घेतलं तर त्या माणसाला यावंच लागतं, असं पाड्यावरची म्हातारी गोदीमावशी बजावते. काल झऱ्यावर वाकून आवाज टिपायचं यंत्र तपासताना माझ्या तोंडून तुझंच नाव गेलं. मावशी रागावून उठूनच गेली. आता आलीसच तर लोणचं आण.

लोभ आहेच, बरणीबरोबर तोही पाठव.
तुझी अक्षदा

जव्हार, ७ मे

चि. अक्षदास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसले, पण हसू टिकलं नाही. शनिवारपासून माझी तहानच भागत नाही. काल भाजीला निघाले आणि भानावर आले ती तुझ्याकडे येणाऱ्या मोखाड्याच्या रस्त्यावर, अनवाणी, हातात रिकामी कळशी. तुझ्या तन्मयदादाने घरी आणलं. डॉक्टर म्हणतात, ऊन लागलं. आता तन्मय बाहेरून कुलूप लावून कामावर जातो. माझे पाय मात्र दाराशीच जाऊन उभे राहतात. मला भीती वाटते गं.

म्हातारीवर माया असू दे.
तुझी आत्या

सूर्यमाळ, ९ मे

ती. आत्यास,
शि. सा. न.

टिपलेला आवाज पुन्हा ऐकला. झरा थेंब थेंबच आहे, तरी टिपलेल्या आवाजात पाणी चढताना ऐकू येतं आणि मागे कुणाचं तरी चालणं. तुझा उजवा पाय घासतो ना, अगदी तसंच.

गोदीमावशी म्हणते, घेतलेलं नाव परत मिळत नाही; त्याच्या जागी ते घेणाऱ्याने झऱ्यात आपलं नाव ठेवायचं. बाया नाव सांगून पाणी नेतात, मी नाव ठेवून पाणी न घेता यायचं. माझं काम पुराव्यावर चालतं, पण तुझ्या जिवावर पुरावे गोळा करणार नाही. पत्र फागूकडे देऊन झऱ्यावर जाते. तू दाराशी उभी राहू नकोस.

माया आहे तेवढी राहू दे.
तुझी अक्षदा

जव्हार, १२ मे

चि. अक्षदास,
आशीर्वाद.

शुक्रवारी दुपारी माझी तहान एकदम गेली. तुझं पत्र फागूने आज दिलं. तो सांगतो, शुक्रवारपासून तू पाड्यावर दिसली नाहीस. माणसं रान पालथं घालताहेत. तुझं यंत्र काठावर चालूच सापडलं. झरा भर उन्हाळ्यात काठोकाठ भरलाय, पण एकही बाई हंडा बुडवत नाही.

तन्मय नको म्हणतो, तरी उद्या फागूच्या जीपने मी येते आहे. हे पत्र मीच आणते, लोणच्याची बरणीही. तिथं ज्याचं नाव घ्यावं त्याला यावंच लागतं ना? मग मी काठावर उभी राहून तुझं नाव घेणार आहे.

लोभ ठेव, बाळ, आणि हाकेला ये.
तुझी आत्या