राणीबाय खुर्ची ओढते

मनोरी, सोमवार

प्रिय नेव्हिल बाळा,

आधी बातमी, मग बाकीचं! परवा अंधेरीच्या हॉलमध्ये, बायकांच्या कविसंमेलनात, तुझ्या ममाने माईकवर कविता वाचल्या. स्वतःच्या, मराठीत! साठ बायकांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. काय झकास वाटलं म्हणून सांगू!

हे खूळ आपल्या गावच्या शाळेतल्या निधी टीचरने लावलं. तिने एक पुस्तक दिलं, ग्रीक पुराणातल्या बायकांच्या गोष्टी आजच्या कवितेत. त्यात एक राणी आहे. नाव इतकं लांबलचक की मी तिला राणीबायच म्हणते. नवरा लढाईला गेलेला, वीस वर्षं पत्ता नाही, दारात लग्नाला टपलेले पुरुष. ही म्हणते, एवढं कापड विणून झालं की सांगते. दिवसा विणते, रात्री उसवते. तीन वर्षं सगळ्यांना बनवलं बाईने! आपल्या शेजारच्या ज्युलियस अंकलला त्याच्या बोटीत ही गोष्ट सांगितली, तर तो इंजिन दुरुस्त करायचं सोडून नुसता हसत बसला.

मला मात्र दुसरंच टोचलं. राणीबाय एकदा चारचौघांत येऊन बोलते, तर तिचा वाढलेला मुलगा म्हणतो, आत जा, तुझं विणकाम बघ, बोलणं पुरुषांचं काम. आणि ती जाते! पप्पांना वर्ष झालं तेव्हा चर्चमधल्या मिसा-प्रार्थनेनंतर अंगणात घराचा विषय निघाला होता, आठवतं? मी तोंड उघडलं आणि तू म्हणालास, ममा, तू आत जा, चहाचं बघ. मी गेले. आत फार रडले रे. तुला कधी बोलले नाही. माझ्या कवितेतली राणीबाय मात्र जात नाही:

पोरा, तुला बोलायला मीच शिकवलं,
पहिला शब्द माझ्याच मांडीवर फुटला.
आता म्हणतोस, आई, बोलणं तुझं काम नाही.
सरक जरा. खुर्ची दे. मी बसते.

ज्युलियस अंकलने ती जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरात उतरवून दिली, मला चष्म्याशिवाय वाचता यावी म्हणून. हॉलमध्ये शेवटच्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, तो एकटाच पुरुष. तुला पोहायला शिकवताना ओरडायचा ना, तस्साच ओरडून दाद दिली. मेली लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

तर आता ऐक. फोनवर तू मध्येच तोडशील, म्हणून पत्र. पप्पांना जाऊन सहा वर्षं झाली, त्यातली तीन ज्युलियस मला लग्नाचं विचारतोय. मीही उसवत बसले: ईस्टर होऊ दे, मग ख्रिसमस होऊ दे. भीती मला तुझी होती. परवा स्टेजवरून उतरले आणि त्याला हो म्हटलं! पुढच्या महिन्यात तीन रविवार चर्चमध्ये आमची नावं वाचतील, कोणाची हरकत असेल तर कळवा म्हणतील. गावाआधी तुला माझ्याकडून कळायला हवं. हरकत असली तर ये, भांड, मी ऐकेन. नसली तरी दुबईहून ये, आणि मला हाताला धरून चर्चमध्ये ने. फक्त आत जा म्हणू नकोस. मी खुर्चीवर बसलेय रे, शेजारची तुझ्यासाठी ठेवलीय.

तुझीच, आणि आता थोडी माझीही,
ममा