डोलीखालची माझी जागा

आणि रुग्णवाहिका येणार, येणार म्हणून बारा वर्षं जे तू ऐकवत आलास ना दादा, त्याला फोनवर उत्तर दिलं की तू फोन ठेवून देतोस. म्हणून आता कागदावर देतो. हा कागद साक्षीदारांसमोरचा आहे, तो मध्येच ठेवून देता येणार नाही.

मी, नीवामान्या, केतुराचा धाकटा मुलगा, वय अठ्ठावीस, राहणार न्यामिरिंगा टेकडी, किगेझी, युगांडा, सध्या बसऱ्याजवळच्या एका तेलाच्या छावणीवर पहारेकरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. दारू इथे मिळत नाही. बळजबरी कोणाची नाही. सोमवारपासून माझी नेमणूक बाहेरच्या फाटकावर आहे आणि तिथे उभं राहणाऱ्यांकडून कंपनी एक फॉर्म भरून घेते. ‘मृत्यू झाल्यास रक्कम कोणास’ याला त्यात एक ओळ सोडली आहे. माझ्या घरची माणसं एका ओळीत मावणारी नाहीत. शाळा सातवीत सुटली, तेव्हा अक्षराला कोणी हसू नये.

पहिलं. कंपनीकडून माझ्या मरणाचं जे काही येईल ते सगळं आईचं. ते उपविभाग कार्यालयामार्फत पाठवू नये. तिथे दादा कारकून आहे म्हणून नव्हे, तिथे गेलेली कुठलीच वस्तू परत बाहेर आलेली मी पाहिली नाही म्हणून.

दुसरं. बावीस पत्र्यांचं घर आई आहे तोवर आईचं. तिच्यानंतर कोणाचं, ते खाली लिहितो, कारण ते दादावर अवलंबून आहे.

तिसरं, आणि हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. ओढ्याकडचा ज्वारीचा पट्टा शेजारी तिबेसिग्वा याला द्यावा. होय, त्यालाच. त्याने हद्दीची झाडं उपटून आमच्या बाजूला चार पावलं आत लावली. तो चोर आहे, हे मी आजही लिहून देतो. मी त्याचा दात पाडला, त्याबद्दलही मला वाईट वाटत नाही. तरी पट्टा त्याचा. का, ते ऐका.

गेल्या वर्षी, मी इकडे आल्यावर, बटाट्याच्या लावणीत आई वाफ्यातच कोसळली. टेकडीवर शिंग फुंकलं गेलं. शिंग वाजलं की डोली मंडळातल्या प्रत्येक घरातून एक माणूस हातातलं काम टाकून येतो, वेताची डोली उचलतो आणि नऊ किलोमीटर उतार उतरून आजाऱ्याला खालच्या आरोग्य केंद्रात पोचवतो. आम्हाला हे कोणत्याही मंत्र्याने शिकवलेलं नाही. बाप गेल्यावर सोळाव्या वर्षी मी आमच्या घरच्या नावाने दांड्याखाली उभा राहिलो. तेव्हा दादा वेगळा निघाला होता, त्याचं घर वेगळं धरलं गेलं. त्यालाही बोलावलं, तर म्हणाला, “हे रानटी काम तुम्ही करा. आमच्याकडे गाडी मंजूर झालीय.”

गाडी आलीसुद्धा. पांढरी, शेडमध्ये उभी. तिच्या बोनेटखाली कोंबडी अंडी घालते.

त्या दिवशी आई चिखलात पडलेली आणि दादा आपल्या दारात उभा राहून फोन लावत होता. ड्रायव्हरचं उत्तर आजूबाजूच्या सगळ्यांनी ऐकलं.

“साहेब, डिझेल नाही.”

“माझी आई आहे रे!”

“मग तर लवकर पाठवा ना डिझेलचे पैसे.”

तोवर डोली निघालीसुद्धा. पुढचा डावा दांडा, उतारावर सगळा भार येतो तो, माझी जागा. तिथे तिबेसिग्वा शिरला. बाकीचे चारदा बदलले, हा खालपर्यंत बदलला नाही. दादा मागून छत्री धरून चालला होता. छत्री आईवर नव्हती. केंद्रात पोचल्यावर नर्सने विचारलं, “हातमोजे आणलेत? सुई आणलीत?” आणि आमचा सरकारी माणूस म्हणतो कसा, “बघतो, वर लिहितो.” हातमोजे तिबेसिग्वाच्या बायकोने दुकानातून आणले.

संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष कारुगाबाकाका यांचा मला फोन.

“पोरा, आई पोचली. जिवंत आहे. आणि तुझा पाच हजार दंड.”

“काका, माझीच आई आणि मलाच दंड?”

“तुझ्या घरचा माणूस दांड्याखाली नव्हता. नियम लिहिताना तूच ओरडत होतास ना, कोणाला सूट नको म्हणून?”

ओरडत होतो, खरं आहे. दंड भरला. तेव्हापासून प्रत्येक फेरीचा भरतोय. पण मेलेला माणूस दंड भरत नाही. तीन फेऱ्या घरचा माणूसही नाही आणि दंडही नाही, की मंडळ नाव काढतं, आणि पुढच्या वेळी आईसाठी शिंग वाजणार नाही. पांढऱ्या गाडीतली कोंबडी काही तिला न्यायला येणार नाही.

म्हणून चौथं. डोलीखालची माझी जागा मी थोरला भाऊ रुगासिरा यास देत आहे. त्याने मागितलेली नाही, हे मला माहीत आहे. दाराच्या मागे खुंटीवर केळीच्या सोपटाची माझी चुंबळ आहे, तीही त्याला द्यावी. खांदा कचेरीत वाढलेला आहे, सोलून निघेल. काका, पहिल्या दोन फेऱ्या त्याला मागच्या दांड्याला लावा, मग पुढे घ्या. शिंग वाजल्यावर तो फोन लावत बसला, तर महिन्याच्या सभेत आंबील वाटायच्या आधी त्याचं नाव मोठ्याने वाचा, त्याच्या साहेबांसमोर वाचता आलं तर फारच उत्तम.

आईच्या पश्चात काकांनी सभेत उभं राहून सांगावं, की रुगासिराने आईची डोली उचलली. मग घर त्याचं. ते तसं सांगू शकले नाहीत, तर घर मंडळाचं. आत डोली ठेवा, पावसात कुजते ती.

दादा, एक गोष्ट तुला कोणी तोंडावर सांगणार नाही. मंडळाबाहेरच्या माणसाला शेवटचंही कोणी उचलत नाही. तू जाडा आहेस. चौघं शिव्या देतील. पण निदान देतील तरी, तू नावावर असलास तर.

बूट इथल्या माझ्या जोडीदाराला, ओडोंगकाराला. त्याला घट्ट होतील, पण मागतोय कधीचा.

हे मी वाचून पाहिलं, बदलायचं काही नाही.

साक्षीदार: ओडोंगकारा (सही), फाटक क्रमांक दोन. मुगुलुसी (अंगठा), स्वयंपाकघर.
नीवामान्या (सही)
बसरा, ११ मार्च २०१५.

ता. क. काका, उशिरा येणाऱ्याने मंडळाबाहेर घालवलेल्या प्रत्येक वर्षाचे वीस हजार भरल्याशिवाय त्याचं नाव चढत नाही, हा नियमही माझाच. दादा बारा वर्षं बाहेर आहे आणि तो स्वतः भरणार नाही. माझ्या मरणाची वाट न पाहता त्याचं नाव आजच चढवा. सोबत पाठवले आहेत: दोन लाख चाळीस हजार शिलिंग.