गाठ कापायची नसते

४ नोव्हेंबर

सांगितलं एकदाचं! ‘कर्करोग’ अगदी ओठांवर आला होता — गिळला. म्हटलं, “आई, तुझ्या छातीत गाठ आहे. लोकरीत पडते ना, तशी.”

“एवढंच होय? मला वाटलं काय नि काय!” हसली. पोटभर जेवली. मीही बऱ्याच दिवसांनी शांत झोपेन.

७ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शस्त्रक्रिया लवकर करायला हवी. आई त्यांच्यावरच उखडली!

“कात्री लावता? अहो, जन्मभर लोकांचे स्वेटर विणलेत मी. गाठ कापायची नसते, सोडवायची असते. कापली की सगळं उसवत जातं.” गोळ्या द्या म्हणे, हळूहळू सुटेल.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

८ नोव्हेंबर

दादाचा फोन. “तूच घातलीस ना ती गाठ तिच्या डोक्यात? आता तूच निस्तर.”

खरंय. दिवसभर छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका काढते मी! तिला धीर द्यायचा होता, असं स्वतःला सांगत आलेय. पण खरं विचारलं तर — तो शब्द उच्चारायची पाळी माझ्यावर येऊ नये, एवढंच होतं का ते? आणि तेवढ्यासाठी तिचे दिवस वाया घालवतेय?

११ नोव्हेंबर

आज सांगायचंच. नाही सांगितलं.

१२ नोव्हेंबर

आई पेटीतले स्वेटर उन्हात घालत होती. शेजारी जाऊन बसले. “आई, गाठ म्हटलं ते चुकलं माझं. गाठ नुसती पडून असते. ही कसर आहे. लोकरीला लागते तशी लागलीय, आणि खात सुटलीय. तेवढा भाग वेळेवर काढला नाही तर—”

तिचा हात थांबला. मग म्हणाली, “हे आधी का नाही सांगितलंस गं?”

रागावून नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

आत जाता जाता — “कधी जायचंय कापायला?”

तयार झाली! सुटले, असं वाटलं. मग असं वाटल्याचीच लाज वाटली.

१४ नोव्हेंबर

आईनं आपले कपडे आमच्या कपाटातून काढून वेगळे ठेवलेत. संध्याकाळी माझी लेक तिच्या कुशीत शिरायला गेली, तर हात आडवा धरला — “लांब बस हं, राणी. आजीला कसर लागलीय. एकाची दुसऱ्याला लागते.”